अ‍ॅन हचिन्सनला हद्दपार करणं हा न्याय होता का?

वाटसरू:
अ‍ॅन हचिन्सन ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीतली, बॉस्टनची सुईण. बाळंतपणाच्या निमित्ताने बायका तिच्याशी बोलू लागल्या, मग रविवारच्या प्रवचनावर तिच्या घरी बैठका भरू लागल्या. साठेक माणसं जमायची, पुढे पुरुषही. तिचं म्हणणं असं की मुक्ती देवाच्या कृपेनेच मिळते, आणि इथले बहुतेक पाद्री सदाचरणाचा हिशेब शिकवतात. नोव्हेंबर १६३७ मध्ये गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपने तिला मॅसॅच्युसेट्सच्या न्यायसभेपुढे उभं केलं. तोच फिर्यादी, तोच न्यायाधीश. बायबलमधल्या तीताच्या पत्रात वडीलधाऱ्या स्त्रियांनी तरुणींना शिकवावं असं लिहिलंय, हे तिने दाखवलं. ते कुणाला धड खोडता आलं नाही. मला का घालवता, असं तिने विचारलं तर उत्तर आलं: पुढे बोलू नकोस, कारण न्यायसभेला ठाऊक आहे. याला निकाल म्हणायचं?

जुनी_पाटी:
राग समजतो, पण तो काळ बघा. त्याच वर्षी तिथल्या पीक्वॉट या मूळ रहिवाशांशी युद्ध झालं आणि तिच्या बाजूचे बॉस्टनकर लढायला जाईनात, कारण सोबतचा पाद्री विल्सन त्यांना चुकीच्या मताचा वाटे. वसाहत जेमतेम सात वर्षांची. शिक्षाही तिला एकटीला नाही झाली. तिच्या नणंदेचा नवरा व्हीलराइट हद्दपार झाला, कितीतरी पुरुषांची शस्त्रं काढून घेतली. शिवाय देव माझ्याशी थेट बोलतो, मला छळलंत तर तुमच्या वंशाचा नाश होईल, असं ती भर सभेत म्हणाली. कुठली सत्ता हे ऐकून घेईल?

सावली:
व्हीलराइटला कुणी 'पुरुषासारखा वागलास' म्हणालं नाही. तिला मार्च १६३८ मध्ये चर्चमध्ये पाद्री ह्यू पीटर म्हणाला, तू बायको कमी आणि नवरा जास्त झालीस, श्रोती कमी आणि प्रवचनकार जास्त. माझ्या मते खरा आरोप हाच. चर्चने तिला वाळीत टाकलं, तेव्हा तिची पाठीराखी मेरी डायर तिच्यासोबत उठून बाहेर पडली. पुढे क्वेकर या ख्रिस्ती पंथात गेलेल्या त्याच मेरीला १६६० मध्ये बॉस्टनमध्ये फाशी दिली.

जुनी_पाटी:
पीटरचं वाक्य मलाही लागतं, त्याचं समर्थन करणार नाही. पण युद्धाच्या मुद्द्याचं काय?

वाटसरू:
पीक्वॉटांचं मिस्टिकचं गाव मे महिन्यातच जाळलं, जुलैत त्यांचा शेवटचा मोठा पराभव झाला. खटला नोव्हेंबरात चालला.