मायक्रोवेव्ह वापरताना तुमच्याकडे काय घडलं?

गेल्या आठवड्यात सासूबाईंचं मनगट भाजलं. चहासाठी कपभर पाणी मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं ठेवलं होतं. बाहेर काढलं तर पाणी अगदी शांत, एक बुडबुडा नाही. तापलंच नाही वाटून त्यांनी साखर घातली आणि पाणी भसकन उसळलं. गुळगुळीत कपात बुडबुडा धरायला जागाच नसते, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. काही पडलं की क्षणात उकळतं. आता आम्ही कपात आधीच लाकडी चमचा ठेवतो आणि मिनिटभर थांबून कप काढतो. हात लगेच नळाखाली २० मिनिटं धरला, म्हणून थोडक्यात निभावलं. तुमचे अनुभव जरूर लिहा, बारीकसारीकही.

*

सोललेलं उकडलेलं अंडं गरम केलं. आत काहीच झालं नाही. ताटात घेऊन काटा टोचला आणि फुटलं! मुलाचा ओठ भाजला. आता अर्धं कापूनसुद्धा ठेवत नाही.

*

बाळाची बाटली बाहेरून कोमट लागायची, आत दूध मधेच कढत असायचं. डॉक्टरांनी बंद करायला लावलं. बाटली गरम पाण्याच्या भांड्यातच ठेवा.

*

कढीपत्ता वाळवायला ठेवून दारावर गेले, परत येते तो आत जाळ. दार उघडायला हात गेला होता, यांनी ओरडून थांबवलं आणि भिंतीवरचा स्विच बंद केला. दार बंद होतं, हवा मिळाली नाही, आपोआप विझलं.

*

मी २० वर्षं मायक्रोवेव्ह दुरुस्त करतोय. आतल्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा चौकोन दिसतो ना, तो अभ्रकाचा पत्रा. त्यावर उडालेलं तेल जळतं, काळं पडतं, मग ठिणग्या उडतात. लोक घाबरून मशीनच टाकून देतात. पत्रा स्वस्तात बदलून मिळतो. रोज ओल्या फडक्याने पुसा. बाहेरचं कव्हर मात्र कृपा करून स्वतः खोलू नका. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटर नावाच्या भागात जीव घेण्याइतकी वीज साठलेली असू शकते.

*

दादा, वाचून लगेच बघितलं. आमच्या पत्र्याचा खालचा कोपरा काळा झालाय, बोट लावलं तर चिकट लागतो. प्लग काढून ठेवलाय, उद्या माणूस बोलावते. सासूबाईंचा फोड बसला आता.