फ्लोरेन्स-सिएना: ग्वेल्फ आणि गिबेलिन समजून घ्यायला कुठून सुरुवात करू?

सायली_के: ऑक्टोबरात आम्ही दोघं फ्लोरेन्स आणि सिएनाला चाललोय. मध्ययुगीन इटलीतले दोन पक्ष, पोपच्या बाजूचे ते ग्वेल्फ आणि पवित्र रोमन सम्राटाच्या बाजूचे ते गिबेलिन, एवढं कळतं. पुढे वाचायला घेतलं की नावांच्या गर्दीत हरवायला होतं. जायच्या आधी काय वाचावं आणि तिथे काय बघावं?

वाटसरू: सायलीताई, एकच घराणं धरा: उबेर्ती. फ्लोरेन्समधले बडे गिबेलिन. १२६० साली मोंतापेर्तीच्या लढाईत गिबेलिन सिएनाने फ्लोरेन्सच्या ग्वेल्फांचा धुव्वा उडवला, तेव्हा फारिनाता देल्यी उबेर्ती सिएनाकडून, म्हणजे स्वतःच्याच शहराविरुद्ध लढत होता. मग एम्पोली गावात जिंकलेल्या गिबेलिनांच्या बैठकीत फ्लोरेन्स जमीनदोस्त करायचं घाटत होतं, आणि त्याला आडवा गेला तोही हाच. पोप-सम्राट हे वरचं नाव. आत घराण्यांची वैरं आणि शेजारच्या शहराशी स्पर्धा. हे एकदा ध्यानात आलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

पुढे ग्वेल्फांची सरशी झाली. उबेर्तींची घरं पाडलेली जागा आज सिन्योरिया चौकात आहे. त्या जमिनीवर पाया पडू नये म्हणून तिथल्या पालाझ्झो वेक्क्योचा, म्हणजे शहराच्या जुन्या सरकारवाड्याचा आकार तिरका झाला, असं चौदाव्या शतकातला बखरकार विल्लानी सांगतो. चौकात उभं राहून ती वाकडी बाजू नक्की बघा.

मृण्मयी: वाचायचं तर फ्लोरेन्सचा कवी दान्ते याच्या ‘इन्फेर्नो’ या नरकयात्रेच्या काव्याचा फक्त दहावा सर्ग. पेटत्या थडग्यातून फारिनाता कमरेपर्यंत वर येतो आणि दान्तेला पहिलं विचारतो, तुझे पूर्वज कोण? नरकातही पक्ष सुटलेला नाही! दान्ते स्वतः ग्वेल्फ, १२८९ ला काम्पाल्दिनोच्या लढाईत ग्वेल्फांकडून लढलेला. पण जिंकल्यावर ग्वेल्फांतच ‘काळे’ आणि ‘पांढरे’ अशा दोन गटांत फूट पडली आणि १३०२ मध्ये काळ्यांनी त्याला हद्दपार केलं. मला हा सर्ग दर वेळी हलवून सोडतो.

गडकरी_पुणे: तटाच्या चर्याही, म्हणजे माथ्यावरचे दात्यांसारखे उंचवटे, बघा. चौकोनी त्या ग्वेल्फ, पाकोळीच्या शेपटीसारख्या दुभंगलेल्या त्या गिबेलिन, असा संकेत आहे. पालाझ्झो वेक्क्योवर दोन्ही दिसतात: खाली चौकोनी, मनोऱ्यावर दुभंगलेल्या. मात्र चर्या बघून पक्ष ठरवू नका, बऱ्याच ठिकाणी त्या नंतरच्या डागडुजीतल्या आहेत.

सायली_के: सगळ्यांचे आभार! दहावा सर्ग आजच वाचते. मोंतापेर्तीला जाण्यासारखं आहे का?

वाटसरू: आहे. सिएनाच्या पूर्वेला, जवळच. टेकडीवर स्मारकाचा छोटा पिरॅमिड, खाली आर्बिया नदी. गाडी भाड्याने घेणार असाल तर अर्धा दिवस काढाच.