शब्दचर्चा : दृक्प्रत्ययवाद, प्रभाववाद आणि घनवादातला 'घन'

प्रश्न (चित्रकलेची विद्यार्थिनी, महाल, नागपूर)

नमस्कार. कलेच्या इतिहासाच्या पेपरची तयारी सुरू आहे. आमच्याकडे निम्मी मुलं हिंदी पुस्तकांतून वाचतात, त्यात मोने, रेन्वार यांच्या चळवळीला (इंप्रेशनिझम) 'प्रभाववाद' म्हटलंय. मराठी विश्वकोशात 'दृक्प्रत्ययवाद' सापडतो. प्रत्यय म्हटलं की मला व्याकरणातले ला, ने, चा आठवतात. उत्तरपत्रिकेत कोणता शब्द लिहू? आणि घनवादातला (क्युबिझम) घन म्हणजे ढग का?

उत्तर (कलाशिक्षक, सक्करदरा)

बेटा, दृक्प्रत्ययवादच लिही. नागपूर आधी मध्य प्रांताची आणि पुढं 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे हिंदी पुस्तकं आपल्या घरातलीच, त्यांच्याशी भांडण नाही. पण मराठीत 'प्रभाव' म्हणजे दुसऱ्याचा आपल्यावर पडलेला पगडा. मोनेच्या संग्रहात जपानी ठसाचित्रं होती, त्यांचा त्याच्यावर प्रभाव होता. आता हेच 'प्रभाववादावर जपानी चित्रांचा प्रभाव' असं लिहून बघ, वाचणारा गोंधळलाच पाहिजे.

'प्रत्यय' शब्दाचा दुसरा अर्थ तू रोज वापरतेस. 'त्याच्या प्रामाणिकपणाचा प्रत्यय आला', 'प्रत्ययकारी अभिनय'. प्रत्यय म्हणजे स्वतःला आलेली प्रचीती. दृक् म्हणजे दृष्टी. डोळ्यांना त्या क्षणी जे जाणवलं ते रंगवायचं, वस्तू मुळात कशी आहे याची आठवण मध्ये आणायची नाही.

फुटाळा तलावावर संध्याकाळी उभी राहा. पाणी निळं असतं हे आपल्याला पाठ असतं, म्हणून हात निळ्या रंगाकडे जातो. पण त्या वेळी तिथं नारिंगी, करडे, जांभळट तुकडे हलत असतात. मोनेनं ल हाव्र बंदराच्या 1872 च्या 'इंप्रेशन, सूर्योदय' या चित्रात नेमकं हेच केलं. धुक्यातला नारिंगी सूर्य आणि त्याखाली पाण्यावर तुटक तुटक ओढलेले नारिंगी फटकारे. जवळून पाहिलं तर नुसता रंग दिसतो, चार पावलं मागं सरकलं की ते फटकारे हलणारं पाणी होतात. सावलीत काळा न घालता निळा-जांभळा घालणं हेही त्याच नजरेतून आलं. हे सगळं त्या एका मराठी शब्दात मावतं, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

घन म्हणजे ढग नाही, गणितातला घन. लांबी, रुंदी, उंची सारखी असलेला. 1908 साली चित्रकार ब्राकची निसर्गचित्रं पाहून लुई व्होसेल या समीक्षकानं, यानं सगळं घनांत आणून ठेवलंय, अशा अर्थाचा शेरा मारला, त्यावरून नाव पडलं. पण नावावर जाऊन पिकासोच्या चित्रांत चौकोनी ठोकळे शोधू नकोस. एकच वस्तू अनेक बाजूंनी पाहून ते सगळे पैलू एकाच प्रतलावर मांडणं, हा घनवादाचा गाभा.

प्रतिसाद (भाषांतर करणारा, धरमपेठ)

सर, अर्थ पटला, पण शब्द जड आहे. मूळ नाव टिंगलीतून आलं. 1874 च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनावर लुई लरुआ या समीक्षकानं मोनेच्या चित्राच्या नावातला 'इंप्रेशन' शब्द धरून विनोदी लेख लिहिला, त्यात त्या चित्रापेक्षा भिंतीवर चिकटवायचा अर्धवट कागदही जास्त पूर्ण असतो, असं एक पात्र म्हणतं. ती बोच 'दृक्प्रत्ययवाद' या भारदस्त शब्दात उरतच नाही. 'रंगभारवादा'चंही (फॉव्हिझम) तेच. फ्रेंचमध्ये ते नाव 'हिंस्र पशू' असं आहे. मातिस, देरँ यांचे भडक रंग 1905 साली पाहून याच व्होसेलनं ते दिलं. मी तर सरळ इंप्रेशनिझम, फॉव्हिझम लिहितो.

कलाशिक्षक, सक्करदरा

भाऊ, बोच गेली हे खरं. रंगभारवादाबद्दल तुमच्याशी सहमत आहे, त्या शब्दातून त्या वेळचा धक्का कळत नाही, म्हणून वर्गात 'हिंस्र पशू'ची गोष्ट सांगावीच लागते. पण दृक्प्रत्ययवाद्यांनी 1877 च्या तिसऱ्या प्रदर्शनात ते नाव स्वतःहून घेतलं. त्यानंतर ती शिवी राहिली नाही, त्यांची ओळख झाली. मराठी शब्द त्या ओळखीचा आहे. शिवाय इंप्रेशन म्हटलं की आपल्याकडे 'चांगलं इंप्रेशन पडलं' हेच आठवतं.

एक मात्र सांभाळा. फटकारे मोकळे दिसले, कडा धूसर दिसल्या की लोक लगेच 'दृक्प्रत्ययवादी चित्र' म्हणतात. चित्रकार रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले, पुढं 1950 मध्ये फ्रान्सला गेले. त्यांची निसर्गचित्रं रंगानं भरलेली असतात, तरी ती दृक्प्रत्ययवादी ठरत नाहीत. शब्द त्या चळवळीपुरताच ठेवावा.

विद्यार्थिनी, महाल

धन्यवाद सर. शेवटचं विचारते, 'उत्तर-दृक्प्रत्ययवाद' म्हणजे त्यांना दिलेलं उत्तर का?

कलाशिक्षक, सक्करदरा

नाही, उत्तर म्हणजे इथं नंतरचा, 'उत्तरार्ध'मधला. मध्ये जोडरेघ दे, आणि 'दृक्' मधला क पाय मोडून लिही. हे नाव इंग्रज समीक्षक रॉजर फ्राय यांनी 1910 साली लंडनमधल्या प्रदर्शनासाठी काढलं. तोवर व्हॅन गॉगला जाऊन वीस वर्षं झाली होती, गोगँ 1903 मध्ये आणि सेझान 1906 मध्ये गेले होते. आपल्याला या नावानं ओळखलं जाईल, हे तिघांपैकी कोणालाच कळलं नाही.