शब्दचर्चा: ‘अमुकच आहे’, ‘अमुकमध्ये मोडतो’ आणि ‘वारसा’

प्रश्न: ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगवर मराठीत लिहिताना टाइप चेकिंगला, म्हणजे हातातली गोष्ट कुठल्या प्रकारची आहे ते बघण्याला, सगळे सरसकट ‘प्रकार तपासणे’ म्हणतात. पण पायथॉन भाषेत टाइप आणि इझइन्स्टन्स अशी दोन वेगळी हत्यारं आहेत आणि दोघांची उत्तरं कधीकधी जुळत नाहीत. मग मराठीत दोघांना वेगळं काय म्हणायचं? आणि इनहेरिट होऊन, म्हणजे वरच्या क्लासकडून, आलेल्या मेथडला (क्लासमध्ये लिहिलेल्या फंक्शनला) ‘वारसा मेथड’ म्हटलेलं चालेल का?

उत्तर: ‘प्रकार तपासणे’ हा शब्द मला अपुराच वाटतो, कारण त्यात दोन प्रश्न एकात एक मिसळलेत आणि मराठीत ते वेगळे विचारायची सोय आधीपासून आहे, ती आपण वापरत नाही एवढंच. समजा ‘खातं’ असा क्लास (म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा) आहे आणि त्याच्यावरून ‘बचतखातं’ हा सबक्लास, म्हणजे त्याच्याखालचा क्लास, काढलाय. आता हातात एक बचतखात्याचा ऑब्जेक्ट आहे. “हे खातंच आहे का?” असं विचारलं तर उत्तर नाही, कारण ते बचतखातं आहे. “हे खात्यांत मोडतं का?” असं विचारलं तर उत्तर हो. पहिला प्रश्न म्हणजे टाइपने क्लास काढून थेट तुलना करणं, जावात गेटक्लास. दुसरा म्हणजे पायथॉनचं इझइन्स्टन्स, जावाचं इन्स्टन्सऑफ. एका ‘च’ने आणि ‘मोडणे’ या क्रियापदाने सगळा फरक स्वच्छ कळतो, व्याख्या पाठ करायची गरजच पडत नाही.

आणि हा फरक काही नवा नाही बरं का. ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी सिम्युला ६७ केली, जिथून क्लास आणि सबक्लास ही कल्पना आली, त्या भाषेतच यासाठी दोन वेगळे ऑपरेटर होते. ‘इझ’ म्हणजे नेमका तोच क्लास आणि ‘इन’ म्हणजे तो क्लास किंवा त्याच्याखालचा कुठलाही. (पायथॉनमधलं ‘इझ’ मात्र वेगळं, ते दोन नावं एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात का ते बघतं, त्यामुळे गल्लत करू नका.) पुढे स्मॉलटॉकमध्ये इझमेंबरऑफ आणि इझकाइंडऑफ, रुबीत इन्स्टन्स-ऑफ आणि काइंड-ऑफ, जोडी तीच.

प्रश्न: म्हणजे ‘च’वाली तपासणी जास्त काटेकोर, मग नेहमी तीच का वापरू नये?

उत्तर: नाही हो, उलट बहुतेक वेळा तीच नडते. उद्या कोणी बचतखात्याखाली ‘ज्येष्ठ नागरिक बचतखातं’ काढलं की तुमची ‘बचतखातंच का?’ ही अट त्याला बाहेर काढणार, खरंतर त्याला बचतखात्याचं सगळं येतंय. सबक्लास काढायचा कशासाठी, तर वरच्याच्या जागी खालचा चालावा म्हणून, आणि ‘च’ लावला की तो हेतूच गेला.

पण ‘च’ लागतो अशा जागा आहेत आणि त्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पायथॉनमध्ये बूल (खरं-खोटं, म्हणजे ट्रू-फॉल्स) हा इंटचा (पूर्णांकाचा) सबक्लास आहे, म्हणून ट्रू पूर्णांकांत मोडतो, ट्रू अधिक ट्रू केलं तर २ येतात. तुम्ही नगांची संख्या घेणारं फंक्शन लिहिलं आणि वर इझइन्स्टन्सने इंट आहे का एवढंच तपासलं, तर कोणीतरी चुकून संख्येऐवजी ट्रू पाठवेल, अट पास होईल, बिलात १ नग धरला जाईल आणि एरर कुठेच येणार नाही. इथे ‘पूर्णांकच आहे का’ हाच प्रश्न बरोबर.

दुसरी जागा जावाची इक्वल्स मेथड, दोन ऑब्जेक्ट बरोबरीचे आहेत का ते बघणारी. टाइमस्टॅम्प हा डेटचा सबक्लास आहे. दोघांत मिलिसेकंदापर्यंत एकच वेळ असेल तर डेटला विचारा “हा तुझ्याबरोबरीचा का?”, तो हो म्हणतो, कारण समोरचा डेटमध्ये मोडतो. तेच टाइमस्टॅम्पला डेट दाखवून विचारा, तो नाही म्हणतो, कारण समोरचा टाइमस्टॅम्प नाहीये. अ बरोबर ब, पण ब बरोबर अ नाही! दोघांनीही ‘च’ने विचारलं असतं तर दोन्हीकडून ‘नाही’च आलं असतं. हे जावाच्या कागदपत्रांत सरळ लिहिलेलं आहे, म्हणून यांची सरमिसळ एका लिस्टमध्ये करूच नये.

तिसरा प्रश्नही असतो, क्लासशी देणंघेणं नसलेला: “याला अमुक करता येतं का?” रुबीत रिस्पॉन्ड-टू, पायथॉनमध्ये हॅजॲटर. यासाठी मराठीतलं ‘येतं’ पुरेसं आहे, व्याज काढता येतं का, बस. फक्त हॅजॲटर त्या नावाचं काहीतरी आहे एवढंच सांगतं, ते मेथडच आहे याची खात्री देत नाही.

प्रश्न: आणि ‘वारसा मेथड’चं काय?

उत्तर: ‘वारसा’ शब्द रुळलाय, तो काढा असं मी म्हणणार नाही, पण त्यातून एक चुकीचं चित्र डोक्यात बसतं. वारसा म्हटलं की वाटतं वरच्याकडून निघालं आणि खालच्याच्या नावावर झालं. इथे तसं काहीच हलत नाही. पायथॉनमध्ये बचतखात्याच्या स्वतःच्या डिक्शनरीत (त्याच्या नावांच्या यादीत) बघितलं तर ‘शिल्लक’ मेथड सापडत नाही, पण हाक मारली की चालते, कारण शोध बचतखात्यापासून सुरू होतो आणि तिथे नसेल तर वर खात्याकडे जातो. खात्यातली चूक दुरुस्त केली की बचतखात्यातही ती आपोआप दुरुस्त झालेली दिसते ती म्हणूनच. त्यामुळे मी ‘वरून आलेली मेथड’ आणि ‘स्वतःची मेथड’ असं म्हणतो.

यातला खरा गोंधळ पुढे आहे. समजा खात्यात ‘मासिक हिशोब’ मेथड आहे आणि ती आतून ‘शुल्क’ला हाक मारते, बचतखात्याने ‘शुल्क’ ओव्हरराइड करून, म्हणजे त्याच नावाची स्वतःची मेथड लिहून, शून्य केलंय आणि ‘मासिक हिशोब’ला हातही लावलेला नाही. बचतखात्यावर ‘मासिक हिशोब’ चालवलं तर कोड वरचा चालतो, पण त्यातली ‘शुल्क’ची हाक पुन्हा खालून शोधली जाते, म्हणजे शुल्क शून्यच लागतं. मेथड वरून आली तरी सेल्फ, म्हणजे ज्याच्यावर ती चालतेय तो ऑब्जेक्ट, बचतखातंच असतो ना! सी प्लस प्लसमध्ये मात्र ‘शुल्क’पुढे व्हर्च्युअल (हाक खालून शोधा असं सांगणारा शब्द) लिहिलं नसेल तर खात्याचंच शुल्क कापलं जातं, तिथून इकडे आलेले लोक नेमके इथेच अडखळतात.

जावास्क्रिप्टमध्ये स्वतःचं की वरून आलेलं हे विचारायला हॅजओनप्रॉपर्टी आहे आणि ‘इन’ ऑपरेटर वरचंही सगळं धरतो. फॉर-इन लूप सुद्धा वरून आलेली एन्युमरेबल (लूपमध्ये धरली जाणारी) नावं फिरवतो, म्हणून कोणी प्रोटोटाइपवर, म्हणजे ज्या वरच्या ऑब्जेक्टकडून गोष्टी येतात त्याच्यावर, एखादी मेथड साध्या असाइनमेंटने चिकटवली असेल तर ती तुमच्या लूपमध्ये डेटा असल्यासारखी येते. तिथे आधी ‘स्वतःचं आहे का’ हे विचारून घ्या.