'फॉलआउट'ची ४के डिस्क: चित्र मध्येच मोठं होतं आणि सगळा पिक्चर मालिकेसारखा दिसतो. डिस्क परत करू का?

रात्रपाळीवाला

मंडळी, 'मिशन: इम्पॉसिबल – फॉलआउट' थिएटरात पाहिला तेव्हाच ठरवलं होतं की हा पिक्चर घरी कपाटात हवा. आता तीन डिस्कवाला ४के ब्लू-रे सेट आणलाय. टीव्ही नवा, प्लेअर नवा, सोबत साउंडबार. हौसेने लावला आणि अर्ध्या तासात विरस झाला.

बर्लिनमधला तो प्लुटोनियमचा सौदा आठवतोय ना, रात्रीचा? थिएटरात तिथे पोटात गोळा आला होता. घरी तोच प्रसंग दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. माणसं वळतात ती तेल घातलेल्या बिजागरीसारखी, गुळगुळीत. चित्र धूसर नाहीये हो, उलट नको तितकं स्पष्ट आहे. मागचा सेट 'सेट' वाटतो.

पुढे विमानातून उडी मारायची वेळ आली आणि वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या जवळजवळ गायब! चित्र पडदाभर पसरलं. उडी संपली, पट्ट्या हजर. शेवटच्या हेलिकॉप्टरच्या पाठलागात पुन्हा तेच. रिमोटवर कोणी बसलं नव्हतं, खात्री करून घेतली.

आणि आवाज. लूथर इल्साला ज्यूलियाबद्दल सांगतो तो प्रसंग ऐकायला आवाज एवढा वाढवावा लागतो की पॅरिसमधली मोटारसायकल सुरू झाली की घरातले सगळे माझ्याकडे बघतात.

मेहुण्याचं म्हणणं, डिस्क डुप्लिकेट असणार. बायकोचं म्हणणं, मला प्रत्येक नव्या वस्तूत खोट काढायची सवय आहे. परत करायची मुदत अजून आहे. जाणकारांनी सांगावं.

---

कडेकडेने

परत करू नका. पट्ट्या जाणं हा दोष नसून त्या डिस्कचं वैशिष्ट्य आहे.

पिक्चरचा बहुतेक भाग २.३९ ला १ (रुंदीला उंची) असा लांबट आहे. विमानातली उडी आणि शेवटची हेलिकॉप्टरं आयमॅक्सच्या उंच पडद्यासाठी १.९० ला १ या उंच चौकटीत आहेत, आणि डिस्कवर ती चौकट तशीच ठेवली आहे. आता हिशोब बघा. ४के टीव्हीला उभ्यात २१६० ओळी असतात. लांबट चित्र त्यातल्या साधारण १६०७ वापरतं, बाकीच्या साडेपाचशे वर-खाली काळ्या. उंच चौकटीत चित्र २०२१ ओळींपर्यंत जातं, म्हणून वर-खाली सत्तरेक ओळींची बारीक रेघ तेवढी उरते. तुम्ही 'जवळजवळ गायब' लिहिलंत ते अगदी बरोबर आहे. बघायला चित्र पाव हिश्शाने जास्त मिळतं.

मेहुण्यांना सांगा, उडीच्या वेळी पट्ट्या हलल्या नसत्या तर शंका घ्यायला जागा होती.

फक्त टीव्हीवरचं 'झूम' किंवा 'फिल' चुकूनही लावू नका. बरेच जण पट्ट्या घालवायला ते लावतात आणि मग पिक्चरभर दोन्ही कडांचा भाग कापला जातो.

---

कापाकापी

पट्ट्यांचं उत्तर मिळालं. मी मालिकेवर बोलतो, कारण हे माझं जुनं भांडण आहे. धंद्याने एडिटर. कोणाच्याही घरी गेलो की गप्पा सुरू व्हायच्या आत रिमोट मागून घेणारा आणि म्हणून फारसं कोणी न बोलावणारा.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा असतो. टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० किंवा १२० वेळा बदलतो. नियमाने टीव्हीने तीच फ्रेम पुन्हा पुन्हा दाखवून वेळ भरायचा. पण त्यातल्या एका सोयीला ते पुरत नाही. ती दोन फ्रेम्स बघते आणि मधल्या फ्रेम्स स्वतः रचते. म्हणजे तुम्ही जे बघताय त्यातलं निम्म्याहून जास्त चित्र कॅमेऱ्याने कधी टिपलेलंच नाही! दिग्दर्शकाने नाही, एडिटरने नाही, टीव्हीतल्या चिपने बनवलंय. डोळ्यांना सेकंदाला पन्नास-साठ चित्रांची सवय आहे ती मालिका, बातम्या आणि मॅच यांतून. म्हणून तसं काही दिसलं की आपण मनात 'व्हिडिओ' अशी नोंद करतो, आणि बर्लिनचा सेट 'सेट' दिसायला लागतो.

हेन्री कॅव्हिल, टॉम क्रूझ आणि लिआंग यांग यांची बाथरूममधली मारामारी लावा आणि फक्त ठोसा मारणाऱ्या हाताच्या कडेकडे बघा. हात वेगात गेला की टीव्हीचा अंदाज चुकतो आणि मनगटाभोवतीची मागची भिंत क्षणभर वितळते. एकदा दिसलं की मग दिसतच राहतं, त्याबद्दल आगाऊ माफी.

गंमत म्हणजे याच पिक्चरच्या डिस्कवरून हा विषय जगभर गाजला होता. ४ डिसेंबर २०१८, अमेरिकेत डिस्क बाजारात आली तो दिवस. क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी 'टॉप गन: मॅव्हरिक'च्या सेटवरून व्हिडिओ टाकला. पिक्चरची जाहिरात करायची सोडून दोघं लोकांना टीव्हीची सेटिंग बदलायला सांगत होते. त्यांचं म्हणणं असं की ही सोय मॅचमधला वेगवान खेळ पुसट दिसू नये म्हणून आहे, सिनेमाची ती वाट लावते, आणि बहुतेक टीव्हींत ती आधीपासूनच चालू असते.

बंद कशी करायची ते प्रत्येक कंपनीने वेगळ्या नावाखाली लपवलंय. कुठे ट्रूमोशन, कुठे मोशनफ्लो, कुठे ऑटो मोशन प्लस. टीव्हीत 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा, सुटलात. नसेल तर 'सिनेमा' मोड लावा आणि वरचं जे काही असेल ते हाताने बंद करा.

एक मेख आहे. बरेच टीव्ही साध्या चित्राच्या, एचडीआरच्या (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) आणि डॉल्बी व्हिजनच्या (एचडीआरचाच एक प्रकार) सेटिंग वेगवेगळ्या लक्षात ठेवतात. तुमची डिस्क डॉल्बी व्हिजनची आहे. म्हणून केबलवर बातम्या चालू असताना बंद केलंत तर उपयोग नाही. डिस्क लावा, पिक्चर सुरू करा, आणि तो चालू असतानाच सेटिंगमध्ये शिरा.

---

बिनडिस्कचा

एवढा सोस कशाला? मी हाच पिक्चर स्ट्रीमिंगवर बघितला, ४के लिहिलेलं होतं, मस्त दिसला. शिवाय ती गुळगुळीत सेटिंग मला आवडते. महागडा टीव्ही घेऊन चित्र हिसके देत बघायचं असेल तर जुना डबा काय वाईट होता?

---

कापाकापी

आवडत असेल तर ठेवा, तुमचा टीव्ही. पण हिसक्यांचं कारण बऱ्याचदा वेगळं असतं. २४ फ्रेम्स ६० मध्ये बसवताना एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते, त्यामुळे कॅमेरा हळू फिरला की चित्र लंगडतं. १२० च्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा बसते, लंगडणं जातं आणि नवी फ्रेमही रचावी लागत नाही. प्लेअरमध्ये '२४पी', म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम्स तशाच पाठवायची सेटिंग, चालू आहे ना ते बघा.

आणि ४के लिहिलंय म्हणजे ४के सारखंच, असं नाही. स्ट्रीमिंगचं ४के सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट डेटात भागवतं. ४के डिस्कची कमाल मर्यादा १२८ आहे. समोरासमोर बसून दोन माणसं बोलत असतील तर फरक शोधावा लागेल. उडीच्या प्रसंगातले ढग, संधिप्रकाश, विजा यांत शोधावा लागत नाही, कमी डेटात आकाशात रंगांचे पट्टे पडतात.

त्या प्रसंगासाठी लोकांनी काय केलंय हे कळलं की पट्टे आणखी टोचतात. उडी २५,००० फुटांवरून, अबू धाबीच्या आकाशात; खालचं पॅरिस आणि वादळ नंतर चढवलेलं. संध्याकाळचा हवा तो उजेड रोज जेमतेम तीन मिनिटं टिकायचा, म्हणून दिवसाला एकच प्रयत्न. सराव धरून क्रूझच्या शंभराच्या वर उड्या झाल्या. क्रेग ओब्रायन हा कॅमेरामन हेल्मेटवर कॅमेरा लावून क्रूझच्या पुढे उलटा उडी मारतो, आणि क्रूझने पडता पडता त्याच्या लेन्सपासून तीन फुटांवर येऊन थांबायचं. जास्त जवळ आला तर चित्र पुसट, लांब राहिला तरी पुसट. चेहरा दिसावा म्हणून क्रूझच्या हेल्मेटच्या आत दिवे लावले होते. आणि हे सगळं करून तुमचा टीव्ही म्हणतो, थांबा, मधल्या फ्रेम मी रचतो!

---

रात्रपाळीवाला

डिस्क चालू ठेवून ती सोय बंद केली. अहो, बर्लिन परत रात्रीचं झालं! बायकोने स्वतःहून विचारलं की हा वेगळा पिक्चर आहे का.

पण आता चित्रात बारीक कण वळवळताना दिसतात, भिंतीवर, आकाशात, चेहऱ्यांवर सुद्धा. उडीच्या प्रसंगात मात्र नाहीत, तिथे चित्र स्वच्छ आहे. हे काय नवीन?

---

कडेकडेने

ते कण फिल्मचे. पिक्चरचा बराच मोठा भाग ३५ मिलिमीटर फिल्मवर शूट केलाय, उडी डिजिटल कॅमेऱ्यावर. तुमच्या डोळ्यांनी बरोबर फरक पकडला. आधी टीव्ही ते कण चोळून काढत होता. 'नॉइज रिडक्शन' बंदच राहू द्या आणि 'शार्पनेस' खाली आणा, तो जास्त असेल तर साधा कणही वाळूसारखा उठतो.

---

माइकमागचा

आवाजाचा प्रश्न मागेच राहिला. मी डबिंगला साउंडवर असतो.

या डिस्कवर डॉल्बी अॅटमॉस, म्हणजे चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा आवाज, आहे. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. मधला स्पीकर नसला की तेच संवाद डाव्या-उजव्यात मिसळले जातात आणि संगीत-इंजिनांच्या गर्दीत दबतात. म्हणून तुमच्या साउंडबारला मधला चॅनेल वेगळा आहे का ते आधी बघा. असेल तर फक्त त्याची पातळी दोन-तीन टप्पे वाढवा, एकूण आवाज वाढवू नका. नसेल तर रात्री 'नाइट मोड'. मोठा आवाज दाबला जातो, बारीक उचलला जातो. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू द्यात.

वायर कुठून कुठे गेलीय तेही तपासा. प्लेअर टीव्हीला आणि टीव्हीतून एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरने परत पाठवायची सोय) साउंडबारला असेल तर डिस्कवरचा मूळ, काहीही न गाळलेला ट्रूएचडी आवाज त्या वाटेने जातच नाही, तेवढी रुंदी तिच्यात नाही. तिची सुधारित आवृत्ती, ई-एआरसी, लागते, नाहीतर प्लेअर आधी साउंडबारला जोडा आणि तिथून टीव्हीला. मग साउंडबारच्या पट्टीवर 'अॅटमॉस' अशी अक्षरं उमटली पाहिजेत.

या सेटमधली माझी लाडकी गोष्ट मात्र वेगळीच: ऑडिओच्या यादीत संगीतकार लॉर्न बाल्फचं नुसतं संगीत ऐकवणारा ट्रॅक आहे. संवाद नाहीत, गोळ्या नाहीत. तो लावून बाथरूमच्या मारामारीपर्यंत जा. शांतता! तिथे पार्श्वसंगीत ठेवलेलंच नाही. मग नेहमीचा ट्रॅक लावा आणि फरशा, आरसे, पाइप, दमलेले श्वास एवढंच ऐका. कुठे वाजवायचं नाही हे ज्याला कळतं तो संगीतकार, असं माझं मत. बोनस डिस्कवर लंडनमधल्या पळापळीचं संगीत सुटं करून दाखवलंय, बोंगो वगैरे. मूळ 'मिशन: इम्पॉसिबल' मालिकेची, लालो शिफ्रिनची १९६६ ची पाच मात्रांची धून त्यात कशी लपवलीय ते तिथे कळतं.

---

बिनडिस्कचा

हे नुसत्या संगीताचं मला माहीत नव्हतं. स्ट्रीमिंगवर असलं काही दिसलं नाही. आणखी काय आहे त्यात?

---

कापाकापी

आता कसं! तीन कॉमेंटरी आहेत, म्हणजे पिक्चर चालू असताना बनवणारे त्यावर बोलतात ते ट्रॅक. मॅक्वॉरी आणि क्रूझ, मॅक्वॉरी आणि एडिटर एडी हॅमिल्टन, आणि बाल्फ एकटा. क्रूझवाली ऐकायला उत्साही आहे, पण शिकायचं असेल तर हॅमिल्टनवाली घ्या. मी पक्षपाती आहे, सोडून द्या.

ऑगस्ट २०१७ मध्ये लंडनच्या छपरांवर उडी मारताना क्रूझचा घोटा मोडला, तो शॉट पिक्चरमध्ये तसाच आहे. भिंतीवर आदळतो, हातांवर वर चढतो आणि लंगडत कॅमेऱ्यासमोरून निघून जातो. ते लंगडणं अभिनय नाही. शूटिंग काही आठवडे थांबलं, तरी पिक्चर ठरल्या वेळी, जुलै २०१८ मध्येच लागला. आणि काश्मीर म्हणून जे डोंगर दाखवलेत ते न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचे, शेवटचा कडा तर नॉर्वेतला प्रेइकेस्टोलेन, ६०४ मीटर उंच. मेहुण्यांना डुप्लिकेटच हवं असेल तर हे दाखवा.

बोनस डिस्कवर कापलेल्या प्रसंगांची एक सलग फीत आहे. पहिल्यांदा ती नुसती बघा आणि यातलं काय तुम्ही ठेवलं असतं ते मनाशी ठरवा. मग तीच मॅक्वॉरी-हॅमिल्टनच्या कॉमेंटरीसकट लावा. एवढे देखणे, कष्टाचे शॉट का फेकले ते दोघं बोलतात. आमच्या धंद्यात नव्याने आलेल्या पोरांना मी आधी तेच ऐकवतो.