मार्चअखेर सरली तरी थकवा सरत नाही. मदत कोणाकडे आणि कशी मागावी?

प्रश्न – कर्जविभागवाली

नागपुरातील एका बँकेच्या शाखेत मी कर्ज विभाग सांभाळते. मार्चअखेरची धावपळ मला नवी नाही. दरवर्षी एप्रिलच्या मध्यापर्यंत मी पूर्ववत होते. यंदा जून उजाडला, तरी सकाळी वर्धा रोडच्या सिग्नलवर गाडी थांबली की शाखेत जाऊच नये असे वाटते. ज्या कर्जदारांशी आपुलकीने बोलत असे, त्यांची फाइल समोर आली की आता चीड येते, आणि व्याजाचा साधा हिशेब पुन्हा पुन्हा तपासूनही तो बरोबर असल्याची खात्री पटत नाही. रविवार कूलरसमोर झोपून काढला तरी सोमवारी तेवढाच शीण असतो. आई म्हणते, ऊन बाधले असेल, पन्हे पी. हे नेमके काय आहे, ते कसे ओळखावे? साहेबांकडे मदत मागितली आणि 'हिला झेपत नाही' असा शिक्का बसला, तर काय करावे?

उत्तर – समुपदेशक, धंतोली

ताई, उन्हाचा थकवा सावली, पाणी आणि विश्रांतीने उतरतो. व्याजाच्या आकड्यावरचा विश्वास त्याने महिनोन्महिने उडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची तीन अंगे दिली आहेत: शक्ती संपून जाणे, कामाविषयी दुरावा किंवा तिटकारा वाटणे आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे. आपल्या लिहिण्यात ही तिन्ही दिसतात. मात्र त्या वर्गीकरणात तो आजार म्हणून नोंदलेला नाही, तो कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणाचा परिणाम मानला आहे. म्हणूनच त्याच्या आड दुसरे काही दडलेले नाही, हे पाहणे आवश्यक ठरते. हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या. कामाबाहेरही कशातच मन रमत नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि असे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज होत असेल, तर ते नैराश्य असू शकते; त्यासाठी नागपुरातील मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांपैकी एकाच्या मनोविकार विभागात दाखवावे. जगणे नकोसे वाटल्यास वाट पाहू नये. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि रात्रीही चालतो.

उत्तर – निवृत्त शाखाधिकारी

माझ्या टेबलासमोर येऊन 'साहेब, खूप लोड आहे' असे सगळेच म्हणत, आणि खरे सांगायचे तर ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडले जाई, कारण त्यावर नेमके काय करायचे ते कळत नसे. एका कागदावर आठवड्याची कामे मांडा: नवे प्रस्ताव, नूतनीकरण, तारण मालमत्तेची पाहणी, वसुलीचे फोन, लेखापरीक्षणाच्या शेऱ्यांची पूर्तता. यांपैकी कोणते काम कोणाकडे आणि किती काळासाठी द्यावे, हे आपणच सुचवा. दिवसाचा हिशेब जुळल्यानंतर, साहेब जरा मोकळे असताना बोला आणि जे ठरेल ते त्याच संध्याकाळी ई-मेलने कळवा.

रजा मात्र वेगळी मागा. माझ्यावाचून शाखेचे अडेल, हा भ्रम आम्हा बँकवाल्यांना फार असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या परिपत्रकानुसार संवेदनशील जागांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, पूर्वकल्पना न देता, सलग किमान दहा कामकाजाच्या दिवसांच्या सक्तीच्या रजेवर पाठवावे लागते. तो नियम अफरातफर उघडकीस यावी म्हणून आहे, विश्रांतीसाठी नव्हे. तरी तेवढे दिवस त्या माणसाशिवाय बँक चालतेच.

उत्तर – महालकर

वरील सल्ला समंजस साहेबांपुरता ठीक आहे. जिथे दोन माणसांचे काम एकावर टाकले आहे, तिथे कागद मांडून रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत. शिक्का बसतोही, मी बसलेला पाहिला आहे. त्यामुळे ई-मेलची प्रत जपून ठेवा आणि अधिकारी संघटनेच्या प्रतिनिधीला आधीच विश्वासात घ्या.

कर्जविभागवाली

सर्वांचे आभार. तपासण्या या आठवड्यात करते. मनोविकार विभागात गेल्यास ते शाखेत सांगणे बंधनकारक आहे का?

समुपदेशक, धंतोली

साधारणपणे नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांविषयीच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि रुग्णालय आपणहून बँकेला काही कळवत नाही. साहेबांशी बोलताना कामाच्या वाटपाविषयी बोलावे, निदानाविषयी नव्हे. वैद्यकीय रजा लागल्यास प्रमाणपत्रावर काय लिहिले जाईल, ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.