मदत हवी आहे: जामीनदार म्हणून सही केली होती, नोटिशीत ‘संयुक्तिक व वैयक्तिकरित्या’ लिहिलंय म्हणजे माझ्या वाट्याला किती?

नमस्कार मंडळी, कायद्यातलं कळणाऱ्या कुणीतरी जरा बघा. २०२१ ला मावसभावाने तालुक्यातल्या एका पतसंस्थेतून टेम्पोसाठी ३ लाख उचलले, पगारदार जामीनदार पाहिजे म्हणून मला घेऊन गेला, दुसरा जामीनदार त्याचा मित्र. क्लार्कने पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या, फुली दिसेल तिथे सह्या ठोकल्या आणि चहा पिऊन घरी आलो, एक ओळ वाचली नाही. आता भावाचा फोन बंद आणि परवा रजिस्टर्डने पाकीट आलं, सहकार खात्याच्या उपनिबंधक ऑफिसचं, सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ ची नोटीस, त्यात मी ‘जाब देणार क्र. २’, म्हणजे ज्यांच्याकडून वसुली मागितलीय त्यातला दुसरा. व्याजासकट २ लाख ८६ हजार ‘संयुक्तिक व वैयक्तिकरित्या वसूल होऊन मिळावेत’.

माझं गणित असं की तिघं आहोत म्हणजे माझे साधारण ९५ हजार. काका म्हणतात आधी टेम्पो ओढून विकायचा, त्यातून भागलं नाही तरच जामीनदाराकडे यायचं, तू गप बस. बायको काहीच म्हणत नाहीये, त्याची जास्त भीती वाटते. बरोबर कोण?

जुना_वसुलीवाला: कुणीच नाही भाऊ. करार कायदा १८७२, कलम १२८: करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी टेम्पो मग तुम्ही, असा क्रम संस्थेवर बंधनकारक नाही. त्या दोन शब्दांचा अर्थ एवढाच की तिघांकडून मिळून घेतील नाहीतर एकट्याकडून सगळेच्या सगळे. आणि ज्याचा पगार सापडतो त्यालाच पहिला धरतात, मी पण तेच करायचो, खोटं कशाला बोलू. वाटणीचं गणित तुम्हा दोन जामीनदारांच्या आपसात चालतं, कलम १४६, निम्मे निम्मे. तुम्ही पूर्ण भरले तर निम्मे त्या मित्राकडून मागू शकता, आणि भावाकडून सगळे वसूल करायचा हक्क आहेच. तो सापडला तर.

तालुका_कोर्टवाली: दादा, घाबरू नका पण नोटीस ड्रॉवरमध्ये टाकून बसू पण नका, लोक इथेच मार खातात. १०१ म्हणजे दिवाणी दाव्यासारखं वर्षानुवर्षं चालत नाही, थोडक्यात चौकशी होऊन वसुली दाखला, म्हणजे पैसे वसूल करायचा हुकूम, निघतो. एकदा दाखला हातात आला की वसुली अधिकारी सहकारी संस्था नियमांतल्या नियम १०७ खाली जप्तीला येऊ शकतो, आणि दाखल्यावर सहकार कायद्याच्याच कलम १५४ ची रिव्हिजन (वरच्या पातळीवर फेरतपासणी) करायची तर येणे रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. म्हणून काय बोलायचं ते आत्ता सुनावणीत आणि लेखी. खातेउतारा आणि जामीनकरारनाम्याची नक्कल मागा. तुमच्या सहीनंतर तुम्हाला न विचारता हप्ते, मुदत, व्याज बदललंय का बघा, तसं असेल तर करार कायद्याचं कलम १३३ कामाला येतं, त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून जामीनदार सुटतो, फक्त ‘अशा बदलास माझी आगाऊ संमती आहे’ ही ओळ छापील फॉर्ममध्ये बऱ्याचदा असते. टेम्पोच्या आरसीवर संस्थेचा बोजा, म्हणजे गाडी तारण असल्याची नोंद, अजून आहे का तेही बघा. संस्थेने तुमच्या संमतीशिवाय बोजा सोडला असेल तर त्या तारणाच्या किमतीपुरते तुम्ही सुटता, कलम १४१.

धागाकर्ता: काल रात्रीच ॲपवर नंबर टाकून बघितलं, बोजा आहे, इन्शुरन्स मात्र कधीच संपलाय. म्हणजे ती वाट बंद. त्या मित्राला फोन केला तर त्यालाही नोटीस आलीय आणि तो म्हणे मला वाटलं तूच भरशील 😐 सुनावणी येत्या बुधवारी आहे, सुट्टी टाकली. खातेउताऱ्याचा अर्ज साध्या कागदावर चालतो का?

तालुका_कोर्टवाली: चालतो. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसकट पोच घ्या. ‘साहेब नाहीत, उद्या या’ म्हणाले तर तसंच परत येऊ नका, आवक-जावकला द्या. आणि मित्राला सोबत न्या.